‘जीव द्यायचा विचार येतो का?’ हे विचारायचं कसं, आणि मग पुढे करायचं काय

जगणं नकोसं झालंय म्हणून तुम्ही स्वतः हे वाचत असाल, तर लेख बाजूला ठेवा आणि आधी १४४१६ लावा. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे. फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. फोन करणं जमत नसेल तर घरातल्या किंवा शेजारच्या कुणाजवळ तरी जाऊन बसा आणि ‘मला आज एकटं ठेवू नका’ एवढंच सांगा. जिवाला इजा झालेलीच असेल तर लगेच ११२ किंवा १०८.

बाकीचा लेख ज्यांना आपल्या माणसाची काळजी वाटतेय त्यांच्यासाठी आहे. मी गेली काही वर्षं आशाताई, शिक्षक आणि बचत गटातल्या बायकांसोबत या विषयावर प्रशिक्षणं घेते. मी डॉक्टर नाही. पण डॉक्टरपर्यंत माणूस जिवंत पोचवायचं काम आपल्यासारख्यांनाच करावं लागतं, आणि ते शिकता येतं.

आत्महत्या म्हटलं की महाराष्ट्रात डोळ्यांसमोर कर्जबाजारी शेतकरी येतो. ते चित्र खोटं नाही, पण अपुरं आहे. एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, नोंदीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ माणसं आत्महत्येनं गेली. त्यातली २२,७४६ महाराष्ट्रातली होती, सगळ्या राज्यांत जास्त. शेतकरी आणि शेतमजूर मिळून ११,२९०, विद्यार्थी १३,०४४, गृहिणी २५,३०९. सगळ्यात मोठा गट रोजंदारीवर काम करणाऱ्यांचा, एकूण आकड्याच्या पावहिश्श्याहून जास्त. शेतीतल्या ११,२९० मध्येही ६,०८३ शेतमजूर होते, म्हणजे शेतकऱ्यांहून अधिक. त्यांची बातमी क्वचितच होते.

हे आकडे पोलिसांच्या नोंदींतून येतात, हे वाचताना ध्यानात ठेवावं. दिवसभर शेतात राबणाऱ्या बाईच्या नावावर सातबारा नसतो, म्हणून तिची नोंद ‘गृहिणी’ अशी होऊ शकते. अख्ख्या देशात तृतीयपंथी म्हणून २८ जणांचीच नोंद आहे. त्या समाजात वावरणाऱ्या कुणालाही विचारा, हा आकडा खरा वाटतो का. कारणांच्या रकान्यात ३१.७ टक्क्यांसमोर ‘कौटुंबिक समस्या’ आणि १८.४ टक्क्यांसमोर ‘आजारपण’ लिहिलेलं आहे. रकान्यात एक कारण भरावं लागतं. माणसाच्या आयुष्यात कर्ज, दारू, दुखणं, अपमान, न लागणारी झोप हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं.

मला इतक्या वर्षांत जे कळलं ते सांगते. विचारायचा प्रश्न सगळ्यांना एकच असतो, पण प्रत्येकाच्या घराचं दार वेगळ्या बाजूला असतं. आपण चुकीच्या भिंतीवर थापा मारत बसतो आणि मग म्हणतो, हा काही बोलतच नाही.

पायरी १: समोरच्या माणसाचं दार कुठं आहे ते बघा

शेतकऱ्याचा धोका ऋतूप्रमाणे फिरतो. जूनमध्ये पाऊस ओढ देतो आणि दुबार पेरणीची वेळ येते. कापूस-सोयाबीन घरात येतं तेव्हा भाव पडलेला असतो. मार्चअखेर बँकेची माणसं दारात येतात. मुलीचं लग्न ठरतं तेव्हा सावकार आठवतो. या चार वेळा डोक्यात ठेवा आणि त्या दिवसांत मुद्दाम जा. गेल्यावर ‘टेन्शन आहे का’ असं विचारू नका, ‘नाही’ असंच उत्तर येतं. पीक कसं आहे, झोप लागते का, जेवण जातं का, असं विचारा. खेड्यातला पुरुष मनाचं दुखणं शरीराच्या भाषेत सांगतो. डोकं जड आहे, छातीत भरून येतं, हातापायात जीव नाही. ही तक्रार घेऊन तो गावातल्या डॉक्टरकडे जातो, सलाईन लावून घरी येतो आणि खरी गोष्ट आतच राहते.

रोजंदारीवाल्याला भेटायचं तर त्याच्या वेळेला भेटावं लागतं. मजूर अड्ड्यावर सकाळी सातला, नाहीतर रात्री. कामाचा दिवस बुडवून तो समुपदेशनाला येणार नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्यांच्या मागं गावात म्हातारी माणसं आणि पोरं राहतात. त्यांच्याकडेही कुणीतरी बघायला हवं. शहरातल्या तरुण कामगारांत आता मोबाइलवरच्या कर्जाच्या ॲपचा फास वाढलाय. फोटो पसरवण्याच्या धमक्या येतात आणि लाजेपोटी माणूस कुणाला सांगत नाही. अशा वेळी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करता येते. ‘तू एकटाच नाहीस, ही फसवणूक आहे, तुझा गुन्हा नाही’ हे वाक्य तिथं औषधासारखं लागू पडतं.

गृहिणीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण यावर सगळ्यात कमी बोललं जातं. २०२२ मध्ये आत्महत्येनं गेलेल्या ४८,१७२ बायकांपैकी निम्म्याहून जास्त गृहिणी होत्या. त्यांचं दार शोधायची पहिली अट म्हणजे एकांत. सासू स्वयंपाकघरात आणि नवरा ओट्यावर बसलेला असताना ‘काही त्रास आहे का’ असं विचारणं म्हणजे न विचारण्यासारखंच. नळावर, बचत गटाच्या बैठकीनंतर, बाळाला डोस द्यायला आली असताना बोला. लग्नानंतरची पहिली काही वर्षं आणि बाळंतपणानंतरचे महिने जास्त जपण्याचे. ती ‘माहेरी जाऊन येते’ असं वारंवार म्हणत असेल, किंवा उलट माहेरचं नावच काढत नसेल, तर थांबून ऐका. आणखी एक गोष्ट मी चुका करून शिकले: ‘तुमच्या मिस्टरांशी बोलू का’ हे तिला विचारल्याशिवाय घरच्यांना काहीही सांगू नये. मारहाण जिथून होते तिथंच आपण बातमी पोचवली तर तिचा धोका वाढतो. महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे, जिल्ह्यात अत्याचार झालेल्या बायकांना मदत करणारं सखी केंद्र असतं. मुंबईत महापालिकेच्या वांद्रे इथल्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ संस्थेच्या सोबतीनं दोन दशकांपूर्वी ‘दिलासा’ केंद्र सुरू झालं. त्यामागचा विचार साधा होता: मार खाल्लेली बाई पोलीस ठाण्यात जाईल न जाईल, दवाखान्यात मात्र नक्की येते.

विद्यार्थ्यांत दहावी-बारावीचा निकाल आणि नीटचा निकाल हे दिवस सगळ्यांना ठाऊक आहेत. दहावीला नापास झालेल्या मुलांची फेरपरीक्षा महाराष्ट्रात २०१५ पासून त्याच वर्षी, सहसा जून-जुलैतच होते, वर्ष वाया जात नाही. निकालाच्या आदल्या रात्री हे घरात मोठ्यानं बोलून ठेवा, निकालानंतर नव्हे. पुण्याच्या पेठांत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करणाऱ्या मुलांची गोष्ट निराळी. वय तिशीकडे झुकलेलं, गावाकडे ‘साहेब होणार’ असा बोलबाला आणि परत जायची लाज. त्याला ‘अजून एक अटेम्प्ट दे’ म्हणू नका आणि ‘सोडून दे’ही म्हणू नका. ‘गावी आलास तर कुणाला तोंड द्यायची सगळ्यात भीती वाटते?’ असं विचारा. उत्तर बहुधा एका माणसाचं असतं, आणि त्या एका माणसाशी तुम्ही बोलू शकता.

दलित, आदिवासी विद्यार्थ्यांच्या वाट्याला मोठ्या शिक्षणसंस्थांत आणखी एक ओझं येतं. टोमणे, रँक विचारणं, गटातून वगळणं. अशा भेदभावानंतर मुलं गमावलेल्या दोन आयांनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. पुढे वेगळ्या प्रकरणांत, मार्च २०२५ मध्ये न्यायालयानं उच्च शिक्षणातल्या विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय कृती दल नेमलं आणि जुलै २०२५ मध्ये शाळा, महाविद्यालयं आणि क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. पण वसतिगृहातल्या पोराला आज काय हवं असतं? त्याचं म्हणणं ‘मनावर घेऊ नकोस’ म्हणून उडवून न लावणारा एक मित्र, आणि लेखी तक्रार करताना सोबत येणारं एक माणूस. अपमान बाहेरून होत असेल तर फक्त मन घट्ट करायला सांगणं हा अन्याय आहे.

समलिंगी किंवा तृतीयपंथी मुलामुलींसाठी सगळ्यात नाजूक वेळ म्हणजे ‘घरी कळलं’ ती रात्र आणि लग्नाची बोलणी सुरू होतात ते दिवस. आईबाबांनो, ‘डॉक्टरकडून बरं करून घेऊ’ हा मार्ग बंद आहे हे समजून घ्या. लैंगिक कल बदलण्याचे तथाकथित उपचार करणं हे २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवलं आहे. मुंबईचा हमसफर ट्रस्ट या कामात पूर्वीपासून आहे. आईनं त्या रात्री फक्त ‘जेवून घे, उद्या बोलू, तू माझाच आहेस’ एवढं म्हटलं तरी ती रात्र निघते.

म्हाताऱ्या माणसांचं वाक्य ठरलेलं असतं: ‘आता माझा भार कशाला?’ आपण ते म्हातारपणाची कटकट म्हणून सोडून देतो. सोडू नका, विशेषतः जोडीदार नुकताच गेला असेल किंवा न संपणारं दुखणं असेल तर. ज्येष्ठांसाठी १४५६७ आहे. मुलं अमेरिकेत, आईवडील डोंबिवलीत किंवा साताऱ्यात, अशा घरांसाठी एक व्यवहाराची गोष्ट: आपला ११२ परदेशातून लागत नाही. म्हणून शेजाऱ्याचा आणि जवळच्या पोलीस ठाण्याचा पूर्ण क्रमांक आजच लिहून ठेवा. तिकडे तुम्ही स्वतःच खचला असाल तर अमेरिकेत ९८८ आणि ब्रिटनमध्ये ११६ १२३ आहे.

शेवटचा गट सगळ्या गटांत पसरलेला आहे: पुरुष. २०२२ च्या आकड्यात १,२२,७२४ पुरुष आहेत, म्हणजे दहातले सात. पुरुषाला समोरासमोर बसवून ‘मन मोकळं कर’ म्हटलं की तो गप्प होतो. त्याच्या शेजारी बसा, समोर नको. गाडीवरून जाताना, बांधावर, चहाच्या टपरीवर. हाताला काम आणि डोळ्यांना बघायला दुसरं काही असलं की पुरुष बोलतात.

पायरी २: खुणा ओळखा

बोलण्यातल्या खुणा आपल्याला पाठ आहेत, फक्त आपण त्या वाक्प्रचार समजतो. ‘जगण्यात राम राहिला नाही.’ ‘मी नसलो म्हणजे तुम्ही सुखी.’ ‘एकदाचं सुटू दे.’ ‘पोरांकडे बघ, माझं काय खरं नाही.’ वागण्यात दिसतं ते असं: देणीघेणी वहीत मांडून ठेवणं, बायकोला कागदपत्रं समजावून सांगणं, आवडती वस्तू किंवा जनावर देऊन टाकणं, लांबच्या नातेवाइकांना अचानक भेटून येणं, दारू वाढणं, आंघोळ-दाढी सुटणं. आणि एक फसवी खूण: आठवडाभर घुसमटलेला माणूस एके दिवशी एकदम शांत, हलका दिसतो. घरचे म्हणतात, बरं झालं, सावरला. कधीकधी ती शांतता निर्णय झाल्याची असते. अशा वेळी त्याच्याजवळ जाऊन बसा.

पूर्वी एकदा प्रयत्न झालेला असेल तर धोका सगळ्यात जास्त धरा. ‘नाटक करते, धमकी देते’ हे शब्द घरातून हद्दपार करा.

पायरी ३: थेट विचारा

प्रत्येक प्रशिक्षणात कुणीतरी हात वर करतंच: ‘ताई, विचारल्यानं त्याच्या डोक्यात नको तो विचार आपणच घालणार नाही का?’ नाही. जगभरच्या अभ्यासांत हे पुन्हापुन्हा दिसलंय की विचारल्यानं विचार रुजत नाही, उलट माणसाला हलकं वाटतं.

विदर्भातल्या एका गावात कापूस वेचणीच्या दिवसांत मी आणि आशाताई एका घरी गेलो होतो. काकाजी गोठ्याच्या उंबऱ्यावर बसले होते. मी खाली बाजूला बसले. झोपेचं विचारलं.

‘कायची झोप ताई,’ ते म्हणाले. ‘पोरीचं झालं का मी मोकळा.’

‘मोकळा म्हणजे कसं काकाजी?’

ते बोलले नाहीत. खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिले, सोडत राहिले.

‘काकाजी, लोकांना इतकं झालं की कधी जीव द्यायचा विचार येतो. तुमच्या मनात येतो का?’

बराच वेळ गेला. बैलानं मान हलवली तसा घुंगरांचा आवाज झाला. मग ते म्हणाले, ‘येते ना. रोजच येते. पन आजपावतर कोनी इचारलं नाही.’

या प्रश्नाची घडण बघा. आधी ‘लोकांना असं होतं’, म्हणजे तू वेगळा नाहीस. मग स्पष्ट शब्द. ‘काही वेडंवाकडं तर करणार नाहीस ना?’ असं मात्र कधीही विचारू नका. त्यात ‘नाही म्हण’ ही विनंती दडलेली असते, आणि तो नाहीच म्हणतो.

पायरी ४: ऐका, आणि तोंडाशी आलेली वाक्यं गिळा

‘हो’ असं उत्तर आलं की आपली छाती धडधडते आणि आपण घाईघाईनं बोलू लागतो. तुला काय कमी आहे? पोरांचा विचार कर. आत्महत्या पाप आहे. तुझ्यापेक्षा वाईट दिवस लोकांनी काढले. यातलं प्रत्येक वाक्य प्रेमातूनच येतं आणि प्रत्येकानं समोरचा दार लावून घेतो. ‘पोरांचा विचार कर’ हे तर उलटं लागतं, कारण त्या क्षणी त्याला खरंच वाटत असतं की आपण गेलो तर पोरं सुखी होतील.

त्याऐवजी असं बोला: ‘सांगितलंत ते फार बरं झालं.’ ‘किती दिवस हे एकट्यानं वाहताय?’ ‘मी घाईत नाही.’ मग गप्प बसा. शांतता भरून काढायची गरज नाही. आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘तुमचा जीव धोक्यात असेल तर मी एकाला सांगेन, पण कुणाला ते आपण दोघं ठरवू’ असं म्हणा. मूल अठरा वर्षांच्या आतलं असेल तर शिक्षकांनी हे विशेष पाळायचं. मुलांसाठी १०९८ आहे.

पायरी ५: आजची रात्र किती धोक्याची ते ठरवा

तीन गोष्टी विचारा. विचार नुसता येतो, की कसं आणि कधी करायचं हेही ठरवलंय? त्यासाठीची वस्तू हाताशी आहे का? याआधी कधी प्रयत्न केला होता का? ठरवलंय आणि वस्तूही हाताशी आहे असं कळलं, तर हा तातडीचा प्रसंग आहे. माणसाला एकटं सोडायचं नाही, शौचाला गेला तरी कुणीतरी जवळपास हवं. १४४१६ लावा किंवा सरळ जिल्हा रुग्णालयात न्या. दारू प्यायलेला असेल तर धोका एक पायरी वर धरा. ‘उतरली की बोलू’ म्हणून निघून जाऊ नका.

नुसता विचार येत असेल तर पुढच्या पायऱ्या आज-उद्यात करा.

पायरी ६: घातक वस्तू दूर करा

माझ्या मते सगळ्यात जास्त जीव याच पायरीवर वाचतात, आणि लोक हीच सोडून देतात. ‘ज्याला करायचंच आहे तो काहीही करून करतो’ हा समज चुकीचा आहे. तीव्र लाट बऱ्याचदा थोड्या वेळाची असते. त्या वेळात हाताशी वस्तू नसली तर लाट ओसरते. आणि प्रयत्नातून जे वाचतात त्यांतले बहुतेक जण पुढे आत्महत्येनं जात नाहीत.

श्रीलंकेनं १९९० च्या दशकापासून सगळ्यात विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आणली. दोन दशकांत तिथलं आत्महत्येचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं. तमिळनाडूत कडलूर जिल्ह्यात ‘स्नेहा’ या चेन्नईच्या संस्थेनं गावात बँकेच्या लॉकरसारखे कप्पे असलेली खोली उभारून फवारणीची औषधं तिथं ठेवायची सोय केली. घरातली बाटली घराबाहेर गेली, एवढंच.

तुमच्या घरी हे असं करा. फवारणीचं औषध लागेल तेवढंच आणा, उरलेलं घरात ठेवू नका. पत्र्याची पेटी, कुलूप, आणि किल्ली दुसऱ्या घरात. पेटी शेतातल्या खोलीत नको, कारण तिथं माणूस एकटा असतो. घरातल्या गोळ्या, विशेषतः झोपेच्या आणि म्हाताऱ्यांच्या, एका डब्यात घालून जबाबदार माणसाकडे द्या आणि रोजच्या रोज तेवढ्याच काढा. हे त्या माणसाच्या नकळत चोरून करू नका. ‘काही दिवस हे माझ्याकडे राहू दे, तुम्हाला बरं वाटलं की परत’ असं सांगून करा. बहुतेक जण हो म्हणतात. काहींच्या चेहऱ्यावर तर सुटल्यासारखं दिसतं.

पायरी ७: एक पान लिहून ठेवा

शाळेच्या वहीचं एक पान पुरतं. त्यावर पाच गोष्टी, त्या माणसाच्याच शब्दांत, शक्यतो त्याच्याच अक्षरात. विचार येण्याआधी मला काय होतं (‘रात्री दोनला जाग येते, हिशोब सुरू होतात’). तेव्हा मी एकटा काय करू शकतो (‘उठून बैलाला चारा टाकणे’). कुणाजवळ जाऊन बसायचं, विषय न काढताही (‘देवळाच्या पारावर’). कुणाला खरं सांगायचं, दोन नावं आणि नंबर. आणि १४४१६. लिहिता येत नसेल तर नावांऐवजी फोनमध्ये फोटो लावून द्या. पान घडी करून मोबाइलच्या कव्हरमागं ठेवायचं. एका कॉलेजच्या मुलीनं ‘मी एकटी काय करू शकते’ समोर लिहिलं होतं: ‘आजीच्या साडीच्या गोधडीत शिरणे.’ असंच हवं. ‘सकारात्मक विचार करणे’ असलं काही लिहू देऊ नका, रात्री दोनला ते कामाला येत नाही.

पायरी ८: मदतीशी जोडा, आणि सोबत जा

‘डॉक्टरला दाखव’ हा सल्ला झाला. ‘मंगळवारी सकाळी आठच्या एसटीनं आपण जाऊ’ ही मदत झाली. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथं प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. ‘वेड्याचा दवाखाना’ हा शब्द आडवा येतोच. मी ‘झोपेच्या डॉक्टरकडे जाऊ’ म्हणते, आणि ते खोटंही नसतं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ सेवा ९१५२९८७८२१ वर फोनवरून समुपदेशन करते. दारू मुळाशी असेल तर पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र किंवा दारू सोडू पाहणाऱ्यांचा, जवळचा अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा गट. घरचे आधी भगताकडे किंवा देवऋषीकडे नेणार असतील तर तिथं वाद घालून नातं तोडू नका. ‘ते करायचं तर करा, पण औषध थांबवायचं नाही’ यावर ठाम राहा.

गावातलं साधं माणूसही हे काम करू शकतं याचा पुरावा आपल्याच अमरावती जिल्ह्यात आहे. ‘संगाथ’ या गोव्यात सुरू झालेल्या संस्थेनं तिथल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्प राबवला, गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना शिकवून. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षात ते २७.२ टक्के झाले.

आता पोलिसांची भीती. प्रयत्न केलेल्या माणसाला दवाखान्यात न्यायला घरचे घाबरतात, ‘केस होईल’ म्हणून, आणि त्यात मोलाचा तास जातो. कायदा स्पष्ट आहे. २९ मे २०१८ पासून लागू असलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, वेगळं सिद्ध होत नाही तोवर त्याला शिक्षा करता येत नाही, आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी आहे. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ राहिलंच नाही. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणायला केलेला प्रयत्न तेवढा अपवाद. आणि आधी उपचार, मग कागद, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच सांगून ठेवलंय. दवाखान्यात पोलीस नोंद होईल, होऊ द्या. माणूस आधी आत न्या.

पायरी ९: मृत्यू झालाच असेल तर

कितीही केलं तरी कधी माणूस जातो. तेव्हा मागच्यांचा धोका वाढतो, म्हणून हेही प्रतिबंधाचंच काम आहे. व्हॉट्सॲपवर फोटो, चिठ्ठी, कसं केलं याचं वर्णन पुढं पाठवू नका. ‘सुटला बिचारा’ असं मुलांसमोर म्हणू नका, ते सुटकेचा रस्ता म्हणून लक्षात राहतं. लहान मुलांना खरं सांगा, सोप्या शब्दांत, आणि ‘यात तुझी काही चूक नाही’ हे अनेकदा सांगा. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं. चौदाव्या दिवशी तिथं फक्त ती बाई, पोरं आणि देणेकरी उरतात. तुम्ही चौदाव्या दिवशी जा.

आणि मदत करणाऱ्यांनो, तुम्हीही कुणाला तरी हे सांगा. आशाताईंना मी नेहमी म्हणते, आठवड्यातून एकदा आपण दोघींनी नुसतं बोलायचं. एकट्यानं हे काम करू नये.

पायरी १०: पुन्हा जा

दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक असतात आणि नेमकं तेव्हाच सगळे सुटकेचा श्वास सोडून पांगतात. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, आठवड्यानं, मग महिनाभर दर आठवड्याला, असं कॅलेंडरवर टिंब मारून ठेवा. दर वेळी मोठं बोलणं लागत नाही. ‘जेवण झालं का, गोळी घेतली का, परवाचा तो विचार आला होता का?’ हा शेवटचा प्रश्न दर वेळी, न चुकता, आणि त्याच सरळ शब्दांत.

गोठ्याच्या उंबऱ्यावर भेटलेल्या काकाजींच्या घरी औषधाच्या पत्र्याच्या पेटीला त्याच दिवशी कुलूप लागलं. किल्ली शेजारच्या काकूंनी देव्हाऱ्यामागं ठेवली. ती अजून तिथंच आहे. फवारणी असली की काकाजी सकाळी मागून नेतात, आणि दिवेलागणीला आणून देतात. काकू चहा टाकतात.